शिरोबिंदू कुठे गेला? य = क्ष² चा आलेख सरकवायला शिकताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे कर्नाटकातल्या अकरावीला) जाऊन बसतात, तेव्हा गणित तेच असतं, पण त्यातले शब्द एका सुट्टीत बदललेले असतात. माझंही असंच झालं होतं. महिनाभर मी वहीत 'व्हर्टेक्स' उतरवून घेत होते आणि हा काहीतरी नवीनच प्रकार आहे असं समजून घाबरत होते. एके दिवशी फळ्यावरच्या आकृतीत त्याच्यावर बाण काढलेला दिसला आणि कळलं, अरे, हा तर आपला शिरोबिंदू! आता इतकी वर्षं शिकवणी घेते, तर दरवर्षी पहिला तास मी शब्दांनाच देते.

म्हणून इथेही आधी शब्द. वर्गात्मक फलाच्या, म्हणजे क्ष² हाच सगळ्यात मोठा घात असलेल्या फंक्शनच्या, आलेखाला आपण अन्वस्त म्हणतो, कॉलेजात त्याला पॅराबोला म्हणतात, आणि कन्नड माध्यमातून आलेली बाकावरची मैत्रीण परवलय म्हणेल. आरंभबिंदू म्हणजे ओरिजिन, सहगुणक म्हणजे कोएफिशंट, सममिती अक्ष म्हणजे अ‍ॅक्सिस ऑफ सिमेट्री. शिरोबिंदू म्हणजे व्हर्टेक्स. अन्वस्त जिथे वळण घेतो, जिथे उतरता उतरता चढायला लागतो किंवा चढता चढता उतरायला लागतो, तो हा बिंदू. 'शिर' या शब्दामुळे मुलं नेहमी वर बघतात. वाटीसारखा उघडा अन्वस्त असेल तर शिरोबिंदू तळाला असतो, हे एकदा पक्कं करून टाका.

अक्षरांचंही एक सांगून ठेवते. या लेखात मी चलांना क्ष आणि य म्हणते. सहगुणक अ आहे. 'अ' आणि 'क्ष' जोडून लिहिले तर 'अक्ष' असं वाचलं जातं, म्हणून मध्ये टिंब देऊन अ·क्ष² असं लिहिते. शिरोबिंदूचे निर्देशक (म, न) आहेत. कॉलेजच्या पुस्तकात म च्या जागी एच आणि न च्या जागी के दिसेल, बाकी काही फरक नाही.

आधी कागद, मग सूत्र

एक आलेख कागद घ्या आणि एक ट्रेसिंग पेपर. गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात दोन्ही मिळतात. ट्रेसिंग पेपर नसला तर लग्नपत्रिकेत आतमध्ये जो पातळ, आरपार दिसणारा कागद असतो तोही चालतो. माझ्याकडे अशा कागदांचा एक गठ्ठाच आहे.

आलेख कागदावर दोन्ही अक्ष काढा आणि य = क्ष² चा आलेख काढा. त्यासाठी मोठा तक्ता करत बसायची गरज नाही. आरंभबिंदूवर पेन्सिल ठेवा. एक घर उजवीकडे, एक घर वर, तिथे टिंब. तिथून परत एक घर उजवीकडे, तीन घरं वर, टिंब. परत एक घर उजवीकडे, पाच घरं वर, टिंब. एक, तीन, पाच. डावीकडेही तसंच करा. मिळालेले बिंदू तपासून बघा: (१, १), (२, ४), (३, ९). विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की वर्ग तयार होतात, त्याचा हा फायदा. बिंदू सरळ पट्टीने जोडू नका, हाताने गोलाई द्या. शिरोबिंदूपाशी टोक काढणारी मुलं पुष्कळ असतात. तिथे टोक नसतं, वाटीचा तळ असतो.

आता ट्रेसिंग पेपर त्यावर ठेवून फक्त वक्र उतरवून घ्या, अक्ष नकोत. शिरोबिंदूवर लाल टिंब द्या. आपल्याला या लाल टिंबाचाच माग काढायचा आहे. वक्राचा आकार माहीत असला आणि लाल टिंब कुठे आहे ते कळलं, की सगळा आलेख कळला.

वर आणि खाली

य = क्ष² + ३ घ्या. प्रत्येक उत्तरात तीन जास्त. ट्रेसिंग पेपर तीन घरं वर सरकवा, शिरोबिंदू (०, ३) वर येतो. य = क्ष² − ५ असेल तर (०, −५). इथे कोणी चुकत नाही, म्हणून पुढे जाऊ.

डावीकडे आणि उजवीकडे

इथे मात्र थांबायचं. निम्मी मुलं इथेच चुकतात, आणि ती चूक हुशारीच्या अभावाने होत नाही.

य = (क्ष − ४)² हे समीकरण दिलं की कागद लगेच डावीकडे सरकतो. गेल्या वर्षी खानापूरकडून येणारी एक मुलगी अशीच कागद डावीकडे सरकवून बसली होती. मी विचारलं, "काय करूलालीस?" ती म्हणाली, "टीचर, वजा चार आहे की. वजा म्हणजे डावीकडे." तिचं म्हणणं सहज पटण्यासारखं होतं. संख्यारेषेवर वजा डावीकडेच असतो, आणि मघाशी अधिक तीन म्हटल्यावर आपण वरच गेलो होतो. मी तिला नियम सांगितला नाही. तिला क्ष च्या काही किमती दिल्या आणि य काढायला लावला. क्ष = २ असताना य किती? वजा दोनाचा वर्ग, चार. क्ष = ३ असताना? एक. क्ष = ४ असताना? शून्य. क्ष = ५ असताना? परत एक. ती शून्यावर थांबली, बोट चारवर ठेवलं आणि काही न बोलता कागद उजवीकडे आणला.

कोणताही वर्ग शून्यापेक्षा लहान होत नाही. म्हणून (क्ष − ४)² ची सगळ्यात लहान किंमत शून्य, आणि ती कंस शून्य झाल्यावरच मिळते. कंस शून्य कधी होतो? क्ष चार असताना. शिरोबिंदू तिथेच, (४, ०) वर. य = (क्ष + २)² मध्ये कंस शून्य होतो क्ष = −२ असताना, म्हणून शिरोबिंदू (−२, ०). वर्गात मी सारखं एकच विचारते: कंस शून्य कधी होतो? 'वजा असेल तर उजवीकडे, अधिक असेल तर डावीकडे' असं पाठ करायला मी कोणालाच सांगत नाही. पाठ केलेलं परीक्षेत उलटं होऊन बाहेर येतं आणि ते उलटं झालंय हे कळायला काही मार्ग राहत नाही. कंस शून्य करून बघणारा स्वतःचं उत्तर स्वतः तपासू शकतो.

गोकाकचा धबधबा आणि घड्याळ

नुसत्या कागदावरून हे मनात बसत नसेल, तर गोकाकला चला. घटप्रभा नदीचं पाणी तिथे सुमारे ५२ मीटर खाली पडतं, म्हणजे जवळजवळ १७० फूट. पावसाळ्यात ते कसं दिसतं हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

काठावरून सुटलेला एकच थेंब डोळ्यांसमोर आणा. काठावर पाणी आडवं वाहत येतं, म्हणून सुटताना थेंबाला खालच्या दिशेने वेग नसतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर व सेकंदांनंतर त्याची तळापासूनची उंची अशी असते:

उ = ५२ − ४.९ × व²

हे वर्गात्मक फल आहे. वर्गासमोर वजा आहे, म्हणून वाटी पालथी, आणि शिरोबिंदू (०, ५२). शून्य सेकंद, ५२ मीटर, म्हणजे बरोबर धबधब्याचा काठ. पहिल्या सेकंदात थेंब ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. भागून बघा, एक, तीन, पाच. कागदावर आपण जी घरं मोजली तीच. खाली पडणाऱ्या वस्तूंमधलं हे विषम संख्यांचं प्रमाण गॅलिलिओने दाखवलं, आणि फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो हेही त्यानेच १६३८ साली छापून मांडलं. तीन सेकंदांत थेंब ४४.१ मीटर खाली आलेला असतो, आणि तळ गाठायला त्याला साधारण सव्वातीन सेकंद लागतात.

आता समजा, तुम्ही मोबाइलवरचं स्टॉपवॉच थेंब सुटायच्या दोन सेकंद आधीच सुरू केलं. थेंब तोच, काठ तोच, पडणंही तेच. पण सुटण्याच्या क्षणी घड्याळात दोन सेकंद झालेले आहेत. थेंबाला पडायला लागून किती वेळ झाला हे काढायला घड्याळातल्या आकड्यातून दोन वजा करावे लागतील:

उ = ५२ − ४.९ × (व − २)²

शिरोबिंदू (२, ५२). कंसात वजा दोन, आणि आलेख दोन घरं उजवीकडे. मला वाटतं, आडव्या सरकण्यातली सगळी अडचण या एका घड्याळात सुटते. कंसातला वजा आलेखाला ओढत नाही. घड्याळ जास्त दाखवतंय, ते जास्तीचं काढून टाकायला तो वजा आहे.

उभ्या सरकण्याचंही तसंच. उंची तळापासून न मोजता काठापासून मोजायची ठरवली, तर काठ शून्य झाला आणि समीकरण उ = −४.९ × व² झालं. शिरोबिंदू (०, ०). पाण्याला याचा पत्ताही नाही. आपण पट्टीचा शून्य दुसरीकडे नेला, एवढंच.

ताणणं आणि उलटं करणं

आता सहगुणक अ. य = २·क्ष² मध्ये प्रत्येक उंची दुप्पट होते. मघाचं एक, तीन, पाच आता दोन, सहा, दहा होतं. वाटी अरुंद होते. अ = १/२ असेल तर अर्धा, दीड, अडीच; वाटी पसरट होते. शिरोबिंदू जागचा हलत नाही, कारण त्याची उंची शून्य आहे आणि शून्याची दुप्पट शून्यच. अ ऋण असेल तर वाटी पालथी होते. शिरोबिंदू तेव्हाही जागेवरच, पण आता तो सगळ्यात खालचा राहिला नाही, सगळ्यात वरचा झाला. 'सर्वांत लहान किंमत काढा' असा प्रश्न असेल तर आधी अ चं चिन्ह बघायचं ते यासाठी.

तिन्ही गोष्टी एकत्र केल्या की हे रूप मिळतं:

य = अ(क्ष − म)² + न

शिरोबिंदू (म, न). उदाहरणार्थ य = −३(क्ष + १)² + ७. कंस शून्य होतो क्ष = −१ असताना, तेव्हा य = ७. शिरोबिंदू (−१, ७), वाटी पालथी, उतरण तीन, नऊ, पंधरा. पाच बिंदू कागदावर टाका, आलेख तयार.

शिरोबिंदू ताणाने हलतो तेव्हा

पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर थांबतात आणि 'अ मुळे शिरोबिंदू हलत नाही' असं वाक्य मुलांच्या डोक्यात राहून जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि पुढे याचा त्रास होतो.

प्रश्न असा असतो: य = क्ष² + ३ हा आलेख उभ्या दिशेने दुप्पट ताणा. नवीन शिरोबिंदू कुठे? बरीच मुलं (०, ३) लिहितात. पण सगळं फल दुप्पट करायचं आहे:

य = २(क्ष² + ३) = २·क्ष² + ६

शिरोबिंदू (०, ६). उभा ताण क्ष अक्षापासून होतो. क्ष अक्षावर असलेला बिंदू हलत नाही, तीन घरं वर असलेला सहा घरं वर जातो. गोकाकचा थेंब परत आठवा. उंची मीटरऐवजी फुटांत मोजायची ठरवली, तर प्रत्येक उंचीला सुमारे ३.२८ ने गुणायचं. काठाचे ५२ चे १७० झाले. शिरोबिंदू (०, ५२) वरून (०, १७०) वर गेला. पट्टी बदलली की काठाचा आकडा बदलणारच, तो जागच्या जागी कसा राहील?

म्हणून क्रम महत्त्वाचा. 'आधी तीन वर, मग दुप्पट' केलं तर (०, ६). 'आधी दुप्पट, मग तीन वर' केलं तर (०, ३). ४०० रुपये रोजगार आणि ५० रुपये प्रवासखर्च असं समजा. दोन्ही मिळवून दुप्पट केले तर ९००. रोजगार दुप्पट करून मग प्रवासखर्च दिला तर ८५०. हा फरक कोणत्याही मजुराला ताबडतोब कळतो, आणि आलेखात तोच आहे.

उलटं करतानाही हेच. य = (क्ष − २)² + ३ चा शिरोबिंदू (२, ३). हा सगळा आलेख क्ष अक्षात आरशासारखा उलटा केला तर सगळ्यावर वजा येतो: य = −(क्ष − २)² − ३. शिरोबिंदू (२, −३). पण कोणी फक्त वर्गासमोर वजा लावला आणि य = −(क्ष − २)² + ३ लिहिलं, तर शिरोबिंदू (२, ३) वरच राहतो आणि वाटी तिथल्या तिथे पालथी पडते. दोन्ही आलेख काढून शेजारी शेजारी ठेवा. ट्रेसिंग पेपर यासाठी फार उपयोगी पडतो. पहिल्या वेळी कागद क्ष अक्षावर दुमडून पालथा करा, दुसऱ्या वेळी शिरोबिंदूतून जाणाऱ्या आडव्या रेषेवर.

य अक्षात आरसा धरायचा असेल तर क्ष च्या जागी −क्ष लिहायचं. य = (क्ष − ४)² + ३ चं होतं (−क्ष − ४)² + ३, म्हणजेच (क्ष + ४)² + ३. शिरोबिंदू (४, ३) वरून (−४, ३) वर गेला, उंची तीच.

वहीच्या मागच्या पानावर एवढं उतरवून ठेवा. जुना शिरोबिंदू (म, न) असेल, तर

सगळ्यात ३ मिळवले: (म, न + ३)
क्ष च्या जागी क्ष − ४ लिहिलं: (म + ४, न)
सगळ्याला २ ने गुणलं: (म, २न)
सगळ्याला −१ ने गुणलं: (म, −न)
क्ष च्या जागी −क्ष लिहिलं: (−म, न)
क्ष च्या जागी २क्ष लिहिलं: (म/२, न)

शेवटची ओळ अजून आपण बघितलेली नाही, ती आता बघू.

कंसाच्या आत सहगुणक असेल तर

य = (२क्ष − ६)². इथे चांगली चांगली मुलं 'सहा घरं उजवीकडे' म्हणतात. आपला जुना प्रश्न विचारा: कंस शून्य कधी होतो? २क्ष = ६, म्हणजे क्ष = ३. शिरोबिंदू (३, ०). सहा नाही.

असं का होतं? क्ष² पासून सुरुवात करून आधी सहा घरं उजवीकडे गेलो, (क्ष − ६)², शिरोबिंदू (६, ०). मग क्ष च्या जागी २क्ष लिहिलं, म्हणजे आलेख य अक्षाकडे निम्म्याने दाबला. सहाचा तीन झाला. हाही घड्याळाचाच प्रकार आहे. थेंबासाठी सेकंदाऐवजी दोन दोन सेकंदांचे ठोके मोजले, तर दोन सेकंदांनी सुटलेला थेंब पहिल्याच ठोक्याला सुटला असं होईल. मोजायचं एकक बदललं की आडव्या अक्षावरचा आकडाही त्याच प्रमाणात बदलतो.

माझा सल्ला असा: कंसात क्ष ला सहगुणक दिसला की तो आधी बाहेर काढा. (२क्ष − ६)² = ४(क्ष − ३)². आता म, न, अ तिन्ही समोर दिसतात. बाहेर काढताना त्याचा वर्ग होतो, दोनाचे चार, हे विसरू नका.

विस्तारलेलं समीकरण दिलं असेल तर

परीक्षेत समीकरण बहुतेक वेळा असं येतं:

य = २·क्ष² − १२·क्ष + १३

यात शिरोबिंदू दिसत नाही, तो उघडून बघावा लागतो. वर्गसमीकरण सोडवायची पूर्ण वर्गाची पद्धत इथे कामाला येते. पहिल्या दोन पदांतून २ बाहेर काढा:

य = २(क्ष² − ६·क्ष) + १३

सहाचा निम्मा तीन, तीनाचा वर्ग नऊ. कंसात नऊ मिळवा आणि लगेच वजा करा:

य = २(क्ष² − ६·क्ष + ९ − ९) + १३

आता तो −९ कंसातून बाहेर येताना २ ने गुणला जातो. चूक होते ती इथे, मुलं नुसते नऊ बाहेर आणतात. दोन नव्वे अठरा:

य = २(क्ष − ३)² − १८ + १३ = २(क्ष − ३)² − ५

शिरोबिंदू (३, −५). ताळा करा: क्ष = ३ घातलं तर १८ − ३६ + १३ = −५. जुळलं.

हेच अक्षरांनी केलं तर य = अ·क्ष² + ब·क्ष + क साठी म = −ब/२अ आणि न = क − ब²/४अ मिळतं. घाई असेल तर फक्त म चं सूत्र वापरा आणि न साठी म ची किंमत मूळ समीकरणात घाला. दोन सूत्रं लक्षात ठेवण्यापेक्षा एक ठेवणं बरं.

एकटा ब बदलला तर काय होतं

हा भाग अभ्यासक्रमात असेलच असं नाही, पण मला फार आवडतो, आणि मुलांनाही.

मुलांचा अंदाज असा असतो की क मुळे आलेख वर-खाली होतो, म्हणजे ब मुळे डावीउजवीकडे होत असणार. करून बघा. य = क्ष² + ब·क्ष मध्ये ब ला −२, ०, २, ४ अशा किमती द्या आणि प्रत्येक वेळी शिरोबिंदू काढा. मिळतात (१, −१), (०, ०), (−१, −१), (−२, −४). हे चारच बिंदू कागदावर टाका आणि हाताने जोडा. पालथी वाटी तयार होते! य = −क्ष² वरचेच ते बिंदू आहेत. ब बदलत गेला की शिरोबिंदू आडवा सरकत नाही, तो स्वतः एका अन्वस्तावरून चालतो, आणि तो अन्वस्त मूळ अन्वस्ताच्या उलटा असतो. अ आणि क कोणतेही असले तरी ही वाट य = क − अ·क्ष² अशीच असते. सगळे आलेख (०, क) या बिंदूतून जातात, कारण क्ष शून्य असताना ब चं काही चालत नाही.

आणि ब, क तसेच ठेवून फक्त अ बदलला तर? य = अ·क्ष² + ४·क्ष + १ मध्ये अ ला १, २, −१ द्या. शिरोबिंदू (−२, −३), (−१, −१), (२, ५). पट्टी ठेवून बघा, तिन्ही एका सरळ रेषेत आहेत: य = २·क्ष + १. पहिल्यांदा हे वर्गात केलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघांनी आपापल्या मनाने अ = १/२ घेऊन बघितलं आणि (−४, −७) रेषेवर बसतो म्हणून ओरडून सांगितलं. त्या दिवशी तास संपल्यावरही पोरं उठली नाहीत.

हातासरशी करायला

य = (क्ष + ५)² − २ चा शिरोबिंदू सांगा; तोंडी यायला हवा. (−५, −२).

य = क्ष² + ८·क्ष + ११ पूर्ण वर्गाने सोडवा. (क्ष + ४)² − ५, शिरोबिंदू (−४, −५).

य = (क्ष − १)² + ४ हा आलेख आधी क्ष अक्षात उलटा करा, मग सहा घरं वर न्या. लाल टिंबाचा माग काढा: (१, ४), मग (१, −४), मग (१, २). समीकरण य = −(क्ष − १)² + २. आता क्रम बदलून आधी सहा वर, मग उलटा करा. (१, १०), मग (१, −१०). केवढा फरक पडला ते बघा.

उलट दिशेनेही करा: शिरोबिंदू (२, −३) आणि आलेख (४, ५) मधून जातो, तर समीकरण काय? य = अ(क्ष − २)² − ३ मध्ये बिंदू घाला. ५ = ४अ − ३, म्हणून अ = २. शिरोबिंदू आणि आणखी एक बिंदू, एवढ्यात सगळा अन्वस्त हातात येतो.

हे जमलं की शेवटचं काम गोकाकलाच. धबधब्यापाशी घटप्रभेवर जो झुलता पूल आहे, सुमारे २०० मीटर लांबीचा, त्याचा काठावरून एक फोटो काढा, पुलाच्या शक्य तितक्या समोरून. मोकळी लोंबणारी तार काटेकोरपणे अन्वस्त नसते, तिचा वक्र वेगळा आहे; पण झोळ कमी असेल किंवा तारेवर पुलाचा भार सारखा पसरलेला असेल तर ती अन्वस्ताच्या इतकी जवळ येते की आपल्या कागदावर फरक दिसत नाही. फोटो छापून घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवून तार उतरवा, मग तो कागद आलेख कागदावर लावा. झोळाचा सगळ्यात खालचा बिंदू शोधा, तो (म, न). तारेवरचा दुसरा एक बिंदू घेऊन अ काढा. आता तिसरा बिंदू घ्या, त्याचा क्ष समीकरणात घाला आणि य जुळतो का बघा. थोडासा फरक असेल तर पेन्सिलीच्या जाडीचा समजा. एका बाजूला जुळतोय आणि दुसऱ्या बाजूला नाही असं झालं तर फोटो तिरका आलाय, तो परत काढावा लागेल.